ना. म. जोशी आणि पावतीपुस्तक

लोअर परळच्या पुलावरून उतरले की ना. म. जोशी मार्ग लागतो. जुनी माणसे त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. नव्यांच्या तोंडी 'एन. एम. जोशी' आहे, पण हे जोशी कोण, असे विचारले तर दहांतले नऊ जण खांदे उडवतात. कोणी नगरसेवक असतील, कोणी डॉक्टर असतील! ज्या माणसाने या देशातल्या कामगाराला संघटना करण्याचा कायदेशीर हक्क मिळावा म्हणून कायदेमंडळात पहिल्यांदा ठराव आणला, त्याचे नाव आता पाकिटावरच्या पत्त्यापुरते उरले आहे.

या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गिरण्या होत्या आणि चाळी होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा इथले घरन् घर त्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तरीही कायद्याच्या पुस्तकात त्यांची प्रातिनिधिक युनियन दुसरीच होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालक आणि सरकार बोट दाखवत ते १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याकडे. बोलणी करायची ती प्रातिनिधिक युनियनशी, आणि ती कोणती हे ठरणार नोंदवलेल्या सभासदांवरून. कामगार कोणाच्या मागे आहेत, याला त्या हिशेबात जागा नव्हती. संपाची बाकीची कहाणी सर्वांना माहीत आहे.

पण सभासद म्हणजे कोण? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेतही थकबाकीदाराला मत आहे की नाही यावरून बाह्या सरसावल्या जातात. मग जिथे हजारो माणसांच्या पगाराचा सवाल आहे तिथे काय होत असेल! त्या कायद्याने सभासदाची व्याख्या वर्गणीला बांधली होती. दरमहा ठरलेली वर्गणी भरणारा तो सभासद; तीन महिन्यांहून अधिक थकली की तो सभासद नव्हे. आता जो माणूस संपावर आहे, ज्याच्या घरात पगार येत नाही, तो वर्गणी भरणार कशी? म्हणजे लढ्यात सर्वांत पुढे असलेला माणूसच कागदावरून गळण्याची सोय झाली. अशा दाव्यांत पावतीपुस्तके, सभासदांची नोंदवही, बँकेचा हिशेब सगळे तपासले जाते. एकच नाव दोन्ही युनियनांच्या यादीत सापडते. सह्या एका हाताच्या वाटतात. बदली कामगार धरायचा की नाही, कारकून या खात्यात मोडतो की त्या, यावर वकील दिवसचे दिवस बोलतात. हा खटाटोप आपल्याकडे नवा नाही. ना. म. जोशींचे निम्मे आयुष्य याच प्रश्नाशी झगडण्यात गेले. त्यांच्याइतका हिशेबी, सरळ माणूस या प्रश्नापुढे दोनदा हरला, म्हणून त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. हे गोरेगाव मुंबईचे नव्हे, माणगाव तालुक्यातले. शिक्षण पुण्यात झाले, पदवी घेतली आणि चारचौघांसारखी शाळामास्तरकी धरली. सात-आठ वर्षे मुलांना शिकवण्यात गेली. १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले आणि मास्तरकी सुटली. या समाजाची शिस्त कडक होती. तुटपुंज्या मानधनावर राहायचे, स्वतःसाठी कमवायचे नाही, नाव करण्यामागे लागायचे नाही. बाकीच्यांनी या शपथा कितपत पाळल्या ते सोडून द्या, पण जोशींनी शेवटची शपथ जरा जास्तच मनावर घेतली असे आज वाटते.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी ती कामे. पतपेढीचे काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. माणूस टाळ्या वाजवून सभासद होत नाही, तो पैसे भरून होतो. जोशींच्या मनात ही गोष्ट कायमची बसली. युनियन म्हणजे मैदानावरची सभा नव्हे, दर महिन्याला फाडलेली पावती, ही त्यांची श्रद्धाच होती म्हणा. पुढे तिचा त्यांना आधारही झाला आणि अडचणही.

गंमत अशी, की ज्या माणसाचा पावतीवर इतका विश्वास, तो स्वतः मात्र कोणत्याही पावतीवर निवडून आलेला नव्हता. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानी कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा होता, आणि तो पाठवताना देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेशी सल्लामसलत करावी असा दंडक व्हर्सायच्या तहात घातलेला होता. पण इथे देशपातळीवरची संघटना होतीच कुठे? सरकारने आपणच जोशींचे नाव ठरवले. माणूस लायक होता, यात शंका नाही. पण त्याला निवडले कोणी, या प्रश्नाला उत्तर नव्हते. ही उणीव भरून काढण्याच्या गरजेतून ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आजही आपण जिला आयटक म्हणतो ती, स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय. संस्थापकांत जोशी होतेच. गांधीजींचे अहमदाबादचे मजूर महाजन मात्र तिच्यात कधीच आले नाही. त्यांचा संसार पहिल्यापासून वेगळा.

१९२१ पासून जोशी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले. तेही सरकारनियुक्त, कामगारांचे प्रतिनिधी म्हणून. पाव शतक ते तिथे होते. कामगार भरपाईचा कायदा, कामाचे तास, खाणीतल्या बाया, बाळंतपणाची रजा, असा विषय नाही की ज्यावर ते उठून बोलले नाहीत. बाळंतपणाच्या भत्त्याचे त्यांचे विधेयक १९२५ मध्ये फेटाळले गेले. तरी मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये तसा कायदा झालाच. हा माणूस हरला की घरी जात नसे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून तोच मुद्दा काढी.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. त्याला कारण घडले मद्रासला. तिथल्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची युनियन बी. पी. वाडिया चालवत. गिरणीवाल्यांनी हायकोर्टात जाऊन वाडियांना मनाई हुकूम आणला. कामगारांना संपाचा सल्ला देणे म्हणजे मालकाशी केलेला करार मोडायला लावणे, आणि ते बेकायदा, असा तो सारा मामला. म्हणजे युनियन चालवणे हाच गुन्हा ठरू पाहत होता. १ मार्च १९२१ रोजी जोशींनी कायदेमंडळात ठराव मांडला, की युनियनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा हवा. कायदा व्हायला पाच वर्षे लागली आणि अमलात यायला आणखी एक, १ जून १९२७.

हा कायदा काय देत होता? कोणीही सात जण एकत्र येऊन युनियन नोंदवू शकत. नोंदवलेल्या युनियनच्या पुढाऱ्यावर संपासाठी कटाचा खटला भरता येत नसे, दिवाणी दावाही लावता येत नसे. पंधरा वर्षांवरच्या कोणालाही सभासद होता येई. पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे तरी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे हवेत, उरलेले निम्मे बाहेरचे चालतील. हे शेवटचे कलम जोशींसारख्यांसाठीच होते म्हणायचे. साच्यावर त्यांनी उभ्या जन्मात हात ठेवला नव्हता!

पण कायद्याने एक गोष्ट सोडून दिली होती. सात जणांनी एक युनियन काढली आणि शेजारच्या सात जणांनी त्याच गिरणीत दुसरी काढली, तर खरी कोणती? मालकाने कोणाशी बोलायचे? निबंधकाकडे दोन्ही नोंदल्या जाणार. दरवर्षी सभासदांचा आकडा कळवायचा, तो दोन्ही कळवणार. आकडा खरा की फुगवलेला, हे ठरवण्याची जागाच कायद्यात नव्हती. पुढच्या काळात तर न्यायालयांनीच सांगितले, की एकाच युनियनवर दोन गट हक्क सांगत असतील तर त्याचा निवाडा करण्याचा अधिकार निबंधकाला नाही. जा दिवाणी कोर्टात. तिथे तारखा पडणार आणि तोवर युनियन मोडून जाणार. जोशींना हे दिसले नसेल असे नाही. पण १९२६ मध्ये युनियनला जिवंत राहू देणे हेच मोठे होते. खऱ्या-खोट्याची निवड नंतर करता येईल असे त्यांना वाटले असावे.

ती वेळ दोनच वर्षांत आली.

१९२६ च्या आरंभी जोशींनी बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन काढली. हिशेब चोख, वर्गणी नियमित, तक्रारींचा पाठपुरावा खातेवार. सभासद मात्र काही हजार. आणि मग १९२८ चा एप्रिल उजाडला. गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, दीड लाख कामगार बाहेर, ऑक्टोबरपर्यंत सहा महिने. त्याच संपाच्या धामधुमीत, मे महिन्यात, डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, आळवे या मंडळींनी गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, नोंदवली. नोंदवताना तिचे सभासद होते ३२४. वर्षअखेरीस ५४,०००. जोशींच्या युनियनचे तेव्हा साडेसहा हजारांच्या घरात. गिरण्यांच्या दारात, खात्याखात्यांत त्यांच्या गिरणी समित्या उभ्या राहिल्या. जॉबरला आणि मास्तरला त्या विचारेनाशा झाल्या.

इथे जोशींचा मोठेपणा सांगितला पाहिजे. संपाच्या संयुक्त समितीत ते लाल बावट्याच्या मांडीला मांडी लावून बसले. मते जुळत नव्हती, पद्धत जुळत नव्हती, पण संप मोडू दिला नाही. याच संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट चव्हाट्यावर आणली. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेतच नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. कामगार सारे एक, असे म्हणणाऱ्या युनियनांना तोवर या खात्याच्या दाराशी अडलेले कामगार दिसले नव्हते. सभासद कोण हा प्रश्न फक्त पावतीचा नव्हता तो असा.

मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात लाल बावट्याचे पुढारी गजाआड गेले. त्या वर्षीचा दुसरा संप फसला आणि चोपन्न हजारांचा आकडा वितळू लागला. नेमक्या त्याच वर्षाअखेरीस नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. जोशी १९२५ पासून सरचिटणीस. वादाचे विषय बरेच होते. सरकारने नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्कार टाकायचा का (जोशी स्वतः त्या कमिशनचे सभासद), जिनिव्हाला प्रतिनिधी पाठवायचे का, साम्राज्यविरोधी लीगशी जोडून घ्यायचे का. पण या साऱ्याचा निकाल मतांवर लागणार होता, मते सभासदसंख्येवर ठरणार होती, आणि तिथेच घोडे अडले. गिरणी कामगार युनियन आपला आकडा चोपन्न हजार सांगत होती, जी. आय. पी. रेल्वे कामगारांची युनियनही पंचेचाळीस हजारांचा दावा करत होती. हे दोन आकडे धरले की पारडे एका बाजूला झुकत होते. नेमस्त मंडळी म्हणत, हे आकडे गेल्या वर्षीचे. आज वर्गणी भरणारे किती आहेत ते दाखवा. दुसरी बाजू म्हणे, तुमच्याकडे पावत्या आहेत, आमच्याकडे माणसे.

दोघांचेही खरे होते, ही यातली दुःखाची बाजू. पावतीपुस्तकात साडेसहा हजार नावे असलेल्या युनियनच्या शब्दावर दीड लाखांचा संप झाला नसता. आणि संपाच्या लाटेत नोंदवलेली नावे लाट ओसरल्यावर वर्गणी भरायला आली नाहीत, हेही खोटे नव्हते. गावी कोकणात पैसे धाडायचे, पठाणाचे व्याज द्यायचे, जॉबरची दस्तुरी चुकवायची, त्यातून उरले तर युनियन! वर्गणी न भरणारा कामगार युनियनचा नव्हता का? तो होता. पण पावतीशिवाय त्याला मोजायचे कसे? जोशींपाशी उत्तर नव्हते आणि त्यांच्या विरोधकांनाही ते शोधायची निकड नव्हती.

आकडे मान्य झाले, ठराव विरुद्ध गेले. जोशी, गिरी, चमनलाल प्रभृती बाहेर पडले. त्यांच्याबरोबर २४ युनियना आणि ९५,६३९ सभासद गेले. हा आकडा अगदी शेवटच्या एककापर्यंत नोंदलेला आहे. नऊ वर्षे रक्त आटवून उभी केलेली संस्था जोशींना अशी सोडावी लागली. त्यांचे चुकले का? मला वाटते, थोडे चुकलेच. राहिले असते तर अल्पमतात राहिले असते, पण हिशेब मागणारा एक माणूस आत राहिला असता. कारण दोन वर्षांनी, १९३१ मध्ये, कलकत्त्याच्या अधिवेशनात तीच गिरणी कामगार युनियन दोन गटांत फुटून आली. खरी युनियन आमची, प्रतिनिधी आमचे, असे दोघेही म्हणत. अध्यक्ष सुभाषबाबूंच्या समोर पुन्हा तोच तमाशा, आणि ट्रेड युनियन काँग्रेस दुसऱ्यांदा फुटली.

व्हिटली कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यात एक शिफारस अशी होती, की कामगारांचे आमदार नोंदणीकृत युनियनांच्या सभासदांनी निवडावेत. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांत कामगारांच्या ३८ जागा ठेवल्या, मुंबई इलाख्यात ७. त्यातल्या काही जागांना युनियनांचे मतदारसंघ मिळाले. म्हणजे पावतीला आता मताचीही किंमत आली.

इकडे फुटलेली घरे पुन्हा सांधण्याची खटपट चालली होती. गिरींनी तोडगा काढला आणि १९३८ मध्ये नागपूरलाच दिलजमाई झाली. तोडगा काय होता, तर मोजायचेच नाही! कौन्सिलवर दोन्ही बाजूंचे निम्मे-निम्मे सभासद, आणि राजकीय प्रश्न किंवा संपाचा निर्णय तीन-चतुर्थांश बहुमतानेच. दोन वर्षांत पूर्ण विलीनीकरण झाले आणि साठी गाठलेले जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. ज्यांच्यामुळे बाहेर पडावे लागले त्यांच्याच बरोबर हा नेमस्त माणूस युद्धकाळभर काम करत राहिला. कम्युनिस्ट पुढारी तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी कायदेमंडळात तोच बोले.

युद्धाने नवे भांडण आणले. १९४१ मध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मंडळींनी युद्धाला पाठिंबा देणारे इंडियन फेडरेशन ऑफ लेबर काढले. सरकारने त्याला युद्धप्रचारासाठी महिना तेरा हजार रुपये देऊ केले आणि प्रतिनिधित्वाच्या बाबतीत दोघांना सारखे मानले. जिनिव्हाला कोण जाणार, हा १९१९ चा प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी मात्र मोजणी झाली. मुख्य कामगार आयुक्तांनी दोन्ही बाजूंची दप्तरे तपासली आणि १९४६ मध्ये निष्कर्ष आला, की ट्रेड युनियन काँग्रेसच अधिक प्रातिनिधिक आहे. जोशींच्या आयुष्यात पावतीपुस्तकाने त्यांच्या बाजूने दिलेली ही एकच साक्ष.

ती दोन वर्षेही टिकली नाही. मे १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या आशीर्वादाने इंटक निघाली आणि १९४८ मध्ये सरकारने सर्वांत प्रातिनिधिक म्हणून तिला मान दिला. वर्षअखेरीस समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा आली. एका छत्राचे तीन झाले. जोशींनी त्याच वर्षी सरचिटणीसपद सोडले. कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या आक्रमक धोरणाबरोबर चालणे त्यांना शक्य नव्हते, आणि सरकारी इंटकमध्ये जाणे त्याहून अशक्य. १९५० मध्ये मिल मजदूर सभेने मुंबईच्या गिरण्यांत बोनससाठी ६३ दिवस संप केला. कायद्याने प्रातिनिधिक होता तो राष्ट्रीय मिल मजदूर संघ, कामगार होते दुसऱ्यांकडे. बत्तीस वर्षांनी जे होणार होते त्याची ही रंगीत तालीम, आणि ती पाहायला जोशी हयात होते.

एक कागद मात्र सांगायचा राहिला. युनियनांना सक्तीने मान्यता देण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये आणले होते, १९४६ मध्ये पुन्हा आणले. १९४७ मध्ये ते कायद्यात उतरले. त्यात १९२६ च्या कायद्याची गळती बुजवली होती. मालकाने मान्यता नाकारली तर युनियनने मजूर न्यायालयात जावे आणि न्यायालयाने ती खरोखर प्रातिनिधिक आहे का ते तपासावे. शिवाय एक अट होती. त्या धंद्यातल्या कामगारांच्या कोणत्याही वर्गाला सभासदत्वातून वगळणारा नियम युनियनच्या घटनेत असता कामा नये. विणकाम खात्याच्या दाराशी अडवलेल्या माणसाची आठवण असलेल्यानेच असे कलम घालावे.

हा कायदा मंजूर झाला, छापला गेला, पण अमलात आणण्याची तारीख सरकारने कधी जाहीरच केली नाही. ३० मे १९५५ रोजी ना. म. जोशी वारले, तेव्हा तो आठ वर्षे तसाच पडून होता. त्यानंतरही तो लागू झाला नाही. महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला, तीस टक्के सभासद आणि सहा महिन्यांच्या पावत्या मागणारा. केंद्राने २०२० च्या संहितेत एक्कावन्न टक्क्यांची रेघ मारली. गिरण्यांचे दावे मात्र शेवटपर्यंत १९४६ च्याच कायद्याखाली चालले.